ताक, काकडी आणि सोलापूरचा उन्हाळा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या मुलखांत वर्षाचे तीन-चार महिने सूर्याचीच सत्ता चालते, त्या मुलखांतील माणसानें त्या सत्तेशीं जुळवून कसें घेतलें, हाहि इतिहासाचाच विषय आहे. सोलापुरांत चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. काळ्या जमिनीला हातहात भेगा पडतात, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि घरोघरच्या माठाभोवतीं ओलें फडकें गुंडाळलें जातें. अशा दिवसांत येथील माणूस ज्यांच्या आधारानें तग धरीत आला त्या वस्तू अगदीं साध्या आहेत : आंबलेलें दूध, पाणी, मीठ आणि काकडी.

ह्याच चार वस्तू सोलापूरपासून हजारों मैल दूर, बाल्कन द्वीपकल्पांतील बल्गेरिया देशांतहि उन्हाळ्यांत एकत्र येतात. तेथें दह्याला ‘किसेलो म्ल्याको’ म्हणजे आंबट दूध असें नांव आहे. हें दही फेटून त्यांत गार पाणी घालतात. बारीक चिरलेली काकडी, ठेचलेला लसूण, मीठ, आक्रोडाचा भरडा, शेपूचीं पानें आणि थोडें तेल घालून तें थंड करतात व वाटींतून चमच्यानें खातात. ह्या पदार्थाला ‘तरातोर’ म्हणतात. बल्गेरियन लोक त्याची गणना सूपांत करतात. पण ह्या सुपाला चुलीचा स्पर्शहि होत नाहीं. सुमारे पांचशें वर्षे तो देश तुर्कांच्या साम्राज्यांत होता, आणि ‘तरातोर’ हा शब्द तुर्कस्तानांतहि आढळतो. मात्र तेथें तो आक्रोड-लसणाच्या दाट चटणीला लावतात, आणि दही-काकडीच्या पातळ पदार्थाला ‘जाजिक’ म्हणतात. ग्रीसमध्यें त्याचेंच घट्ट रूप ‘त्झात्झिकी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. एकाच कल्पनेचीं हीं निरनिराळीं रूपें आहेत. सोलापूरकराच्या पुढें तरातोरची वाटी ठेवली तर तो तिला पातळ झालेली काकडीची कोशिंबीर म्हणेल, किंवा काकडी घातलेला मठ्ठा म्हणेल. आणि दोन्ही वेळां त्याचें म्हणणें फारसें चुकीचें ठरणार नाहीं.

ह्या साम्याचें एक कारण काकडीच्याच इतिहासांत आहे. काकडी ही मूळची भारताची. हिमालयाच्या पायथ्याशीं तिची रानटी, कडू जात अद्याप आढळते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तीच लागवडीच्या काकडीची जननी समजतात. संस्कृतांत तिला त्रपुष, कर्कटी अशीं नांवें आहेत; त्यांतील कर्कटीपासून मराठी काकडी झाली. भारतांतून ती पश्चिमेकडे गेली. प्राचीन ग्रीक व रोमन लोक ज्या फळाला काकडीसारखें मानीत तें वस्तुतः खरबुजाच्या कुळांतील लांबट फळ होतें. खरी काकडी युरोपांत पसरली ती मध्ययुगांत, असें आधुनिक संशोधनाचें मत आहे. म्हणजे बल्गेरियन वाटींतील काकडी ही भारतांतून गेलेली पाहुणी आहे. उलटपक्षीं सोलापुरी कोशिंबिरींत आक्रोडाच्या जागीं जो शेंगदाण्याचा कूट पडतो, तो दक्षिण अमेरिकेंतून आलेला पाहुणा होय. आज सोलापूरची शेंगाचटणी हें शहराचें भूषण झालें आहे. परंतु भुईमुगाची लागवड ह्या भागांत वाढली ती एकोणिसाव्या शतकापासून. ज्या पदार्थांना पिढीजात म्हणून गौरविलें जातें, त्यांचे घटक अशा रीतीनें सर्व जगांतून गोळा झालेले असतात.

दह्याची गोष्ट अधिक जुनी आहे. ऋग्वेदांत दधीचा उल्लेख येतो. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, भारतीय वैद्यकानें उन्हाळ्यांत दह्याची शिफारस केलेली नाहीं. शरद, ग्रीष्म आणि वसंत ह्या ऋतूंत दही प्रायः वर्ज्य करावें, तसेंच तें रात्रीं खाऊं नये, असें चरकसंहिता सांगते. ताकाविषयीं मात्र सगळेच ग्रंथकार आदरानें बोलतात. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशानें तर घुसळलेल्या दह्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. पाणी न घालतां सायीसकट घुसळलेलें तें घोल; साय काढून, पण पाण्यावांचून घुसळलेलें तें मथित; चतुर्थांश पाणी घातलेलें तें तक्र; निम्में पाणी घातलेलें तें उदश्वित्; आणि लोणी काढून पुष्कळ पाणी घातलेली ती छच्छिका. मराठींतील ताक आणि मठ्ठा हे शब्द तक्र आणि मथित ह्यांच्याच घराण्यांतील आहेत. पाण्याच्या प्रमाणावरून एका वस्तूला पांच नांवें देणाऱ्या लोकांनीं त्या वस्तूकडे किती बारकाईनें पाहिलें असेल, हें सहज दिसून येतें. उन्हाळ्यांत दही जसेंच्या तसें खाऊं नये, त्यांत पाणी मिसळावें व तें घुसळून हलकें करावें, हा तो अनुभव होता. बल्गेरियन गृहिणी तरातोरमध्यें जें पाणी ओतते तें ह्याच अनुभवानें ओतते.

सोलापूरपुरतें पाहिलें तर ह्या इतिहासाचा एक महत्त्वाचा दुवा अगदीं शेजारीं सांपडतो. शहराच्या पूर्वेस शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर कल्याणी चालुक्यांची राजधानी होती. तेंच आजचें बसवकल्याण. सोलापूरचा मुलूखहि त्यांच्याच राज्यांत होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून हत्तींच्या परीक्षेपर्यंत राजाला ठाऊक असावें असें सर्व कांहीं त्यांत आहे. आणि त्यांतील ‘अन्नभोग’ ह्या अध्यायांत राजाच्या मुदपाकखान्याचें वर्णन आहे. दह्यापासून होणारी गोड शिखरिणी तेथें आहे, आणि ‘मज्जिका’हि आहे. हा दुसरा शब्द दरबारी संस्कृतापेक्षां त्या मुलखाच्या बोलीला अधिक जवळचा वाटतो. कारण कानडींत ताकाला आजहि ‘मज्जिगे’ म्हणतात आणि तेलुगूंत ‘मज्जिग’.

सोलापूर हें ह्या तिन्ही भाषांचें संगमस्थान आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथें शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्याच जिल्ह्यांत कानडी शिलालेखहि आहेत. बाराव्या शतकांत ज्यांनीं सोन्नलिगे ऊर्फ सोलापूर येथें तळें खोदविलें, त्या सिद्धरामेश्वरांचीं वचनें कानडी आहेत. पुढें एकोणिसाव्या शतकांत तेलुगू भाषा बोलणारे पद्मशाली विणकर मोठ्या संख्येनें येथें स्थायिक झाले. त्यामुळें एकाच गल्लींत ताक, मज्जिगे आणि मज्जिग हे तीन शब्द ऐकूं येतात. दह्याला तिघांचीं नांवें वेगळीं : दही, मोसरु आणि पेरुगु. परंतु ज्वारीच्या पिठाची ताकांत कालवून केलेली जी पातळ पेज, तिच्यापाशीं येतांच हा भेद जवळजवळ मावळतो. मराठी माणूस तिला आंबील म्हणतो आणि कानडी व तेलुगू माणूस अंबली म्हणतो. लिपी वेगळी, देव्हाऱ्यांतील देव वेगळे. पण उन्हाळ्याचें अन्न एक.

ही आंबील म्हणजेच सोलापूरचें खरें थंड सूप होय. ज्वारीचें पीठ रात्रीं ताकांत भिजत घालावें, सकाळीं पाण्यांत शिजवावें, निवूं द्यावें, आणि मग त्यांत पुन्हां ताक, मीठ, जिरें व ठेचलेला लसूण घालावा. तोंडीं लावायला कांदा किंवा काकडीची फोड असली म्हणजे उन्हांत राबणाऱ्याची न्याहारी झाली. तिच्यामागें एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी होती. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी पिकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं ती खळ्यावर येते. तिचें दाणें माणसाला आणि कडबा जनावराला. ह्या जिल्ह्याच्या नांवाशीं जोडलेली पंढरपुरी म्हैस, जिचीं शिंगें तरवारीसारखीं लांब, पाठीवर वळलेलीं असतात, ती कोरड्या हवेंत आणि बेताच्या वैरणींत दूध देण्याविषयीं प्रसिद्ध आहे. कडबा म्हशीच्या पोटांत जाई, दूध डेऱ्यांत येई, आणि त्याचें ताक होऊन तें त्याच ज्वारीच्या पिठांत मिसळे. घरांतून विकलें जाई तें तूप. दूध नासतें, पण तूप टिकतें, आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत पोंचतें. तेव्हां तुपाचे पैसे होत आणि ताक मागें उरे.

हें उरलेलें ताक कोणी विकीत नसे. तें विकणें कमीपणाचें समजत. ज्याच्या घरीं दुभतें नसे त्यानें शेजारीं भांडें घेऊन जावें आणि मागावें. मराठी भाषेनें ह्या रिवाजाची साक्ष जपून ठेविली आहे. ताकाला जाऊन भांडें लपविणें ही म्हण जेथें रोज कोणीतरी ताकाला जात होतें अशाच समाजांत जन्मूं शकते. ताकापुरतें रामायण ही म्हणहि तशीच आहे. ताक पदरांत पडेपर्यंतच ज्याचें गोड बोलणें टिकतें त्याच्यासाठीं ती योजिली गेली. मागणाऱ्याचा संकोच आणि देणाऱ्याचा मोठेपणा हे दोन्ही ह्या म्हणींत दिसतात.

परंतु ह्या औदार्याला मर्यादा होती, आणि ती झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. ताक सर्वांना मिळे. पण सर्वांना सारखें मिळत नसे. ज्यांना गांवानें वेशीबाहेर ठेविलें होतें त्यांच्या भांड्यांत तें वरून, अंतर राखून ओतलें जाई. भर उन्हांत दुसऱ्याच्या शेतांत राबणाऱ्याला ताकाची सर्वांत अधिक गरज. आणि तें घेतांना अपमानहि त्यालाच सर्वांत अधिक सोसावा लागे. ह्याच जिल्ह्यांत पंढरपूरजवळ गोपाळपूर आहे. आषाढी यात्रेची सांगता पौर्णिमेस तेथें गोपाळकाल्यानें होते. लाह्या, दही, काकडीचे तुकडे, लोणचें, ज्यानें जें आणलें असेल तें सर्व एकत्र कालवावें आणि एकमेकांच्या मुखीं घालावें, असा हा काला. कोणाची शिदोरी कोणती हें त्यांत ओळखूंच येऊं नये, हा त्याचा अर्थ. दही आणि काकडी ह्यांना ह्याहून मोठा मान दुसऱ्या कोणत्याहि देशानें दिला नसेल. तरीहि पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठीं उघडले ते १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. काल्यांत जें शिकविलें जात होतें तें मंदिराच्या उंबरठ्यापर्यंत पोंचण्यास कित्येक शतकें लागलीं.

दूध आंबतें कसें, हें कोडें शास्त्रानें उलगडलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं; आणि येथें पुन्हां बल्गेरियाचा संबंध येतो. स्तामेन ग्रिगोरोव्ह नांवाचा बल्गेरियन तरुण जिनीव्हा येथें प्राध्यापक मासोल ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. त्याचा जन्म १८७८ सालीं स्तुदेन इझ्वोर ह्या खेड्यांत झाला; त्या नांवाचा अर्थच थंड झरा असा आहे. स्वदेशीं विरजलेलें दही सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यानें १९०५ सालीं त्यांतील दंडाकार जंतूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्या जंतूला बल्गेरियाचेंच नांव मिळालें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील नामांकित शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह ह्यांनीं ह्या शोधाचा मोठा पुरस्कार केला. बल्गेरियन खेडुतांचें दीर्घायुष्य ह्या आंबट दुधामुळें आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्यांना १९०८ सालीं रोगप्रतिकारासंबंधींच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें होतें; साहजिकच त्यांच्या शब्दाला वजन आलें, आणि युरोपांत ह्या जंतूंच्या गोळ्या व चूर्णेंसुद्धां खपूं लागलीं. स्वतः मेचनिकोव्ह १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारले. आणि हा जंतु माणसाच्या आंतड्यांत ठाण मांडून राहत नाहीं, असें पुढील संशोधनानें दाखवून दिलें. दीर्घायुष्याचा सिद्धांत मागें पडला. पण दह्यांतील जंतु दुधांतील साखर पचविण्यास मदत करतात, ही गोष्ट पक्की ठरली.

ह्या शोधानें एक चमत्कारिक स्थिति निर्माण केली. बल्गेरियन दही म्हणजे दोन ठराविक जंतूंची जोडी. ती ४२ ते ४५ अंशांच्या उबेंत उत्तम वाढते आणि चार-पांच तासांत दूध घट्ट करते. ती मोजतां आली, म्हणून तिला नांव मिळालें, आणि कारखान्यांतून ती सर्व जगांत गेली. सोलापुरांतील घरगुती विरजणांत मात्र अनेक जंतूंचें मिश्रण असतें आणि तें घराघरागणिक बदलतें. लेक सासरीं जातांना विरजण नेते, शेजारीण एक दिवस तें उसनें मागून नेते, आणि आपलें बिघडलें कीं तिच्याकडून परत मिळतें. अशा शेंकडों अनामिक परंपरा होत्या. त्यांतील एकीचेंहि नांव शास्त्रीय ग्रंथांत गेलें नाहीं. बल्गेरियाचा गौरव रास्त आहे, कारण तेथील एका तरुणानें स्वतःच्या घरचें दही अभ्यासाच्या योग्यतेचें मानलें.

उन्हाळ्यांत ताक उपयोगी कां पडतें, ह्याचें उत्तर आतां सरळपणें देतां येतें. घामावाटे शरीरांतून पाण्याबरोबर क्षारहि जातात. नुसतें पाणी प्याल्यानें तहान भागते, पण क्षार भरून निघत नाहींत. मीठ घातलेल्या ताकानें दोन्हीं मिळतात. काकडींत शेंकडा ९५ च्या आसपास पाणीच असतें. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या तिच्यामागून आल्या. सूत तुटूं नये म्हणून गिरणींतील हवा दमट ठेवावी लागते. बाहेर वैशाख आणि आंत तो दमटपणा, अशा स्थितींत पाळी करणाऱ्या कामगाराला भाकरीबरोबरचें ताक ही चैनीची वस्तु नव्हती.

गिरण्या पुढें बंद पडल्या. ताकाच्या इतिहासालाहि एक मोठें वळण मिळालें. १९७० सालीं देशांत दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि गांवोगांव दूध गोळा करणारीं केंद्रें निघालीं. दूध टिकत नाहीं ही जुनी अडचण दूर झाली. सकाळचें दूध सकाळींच मोटारींतून शहराकडे जाऊं लागलें, आणि लहान शेतकऱ्याच्या हातीं वर्षभर नियमित पैसा येऊं लागला. कोरडवाहू मुलखांत ह्या पैशाचें मोल फार आहे. त्यानें कित्येक घरांतील मुलांचीं शिक्षणें झालीं. परंतु दूधच विकलें गेल्यावर विरजण कशाला लावावयाचें? रवी खुंटीला टांगली गेली. तूप उरलें नाहीं, म्हणून ताकहि उरलें नाहीं. आणि लोणी-तुपाचा जो हिशेब घरांतील बाईच्या हातीं असे तो दुधाच्या पावतींत जमा झाला. ज्या गांवांत ताक विकणें कमीपणाचें होतें, त्या गांवच्या दुकानांत तें आतां पिशवींतून विकत मिळतें. त्यांत एक समाधानाची गोष्ट एवढीच कीं, पैसे मोजणाऱ्याला भांडें लपवावें लागत नाहीं आणि कोणी तें वरून ओतीतहि नाहीं.

दुष्काळ पडला कीं ह्या सगळ्या व्यवस्थेचा पाया उघडा पडतो. १८७६-७७ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. १९७२ सालीं पुन्हां तीच पाळी आली. आणि २०१२-१३ मध्यें मंगळवेढें-सांगोल्याकडील माणसें जनावरांसह चाऱ्याच्या छावण्यांत राहिलीं. पाऊस नाहीं तर ज्वारी नाहीं, ज्वारी नाहीं तर कडबा नाहीं, आणि कडब्यावांचून दूध नाहीं. वाटींतील गारव्याचा उगम असा आभाळांत आहे.

ह्या दोन देशांचा मेळ घरच्या घरीं घालणें कठीण नाहीं. पाव लिटर ताजें, गोडसर दही रवीनें घुसळावें. दोन कोंवळ्या काकड्या टोकें चाखून, कडू नाहींत अशी खात्री करून, सालें काढून चोचवाव्या. कोशिंबिरीसाठीं काकडी मीठ लावून पिळतात. येथें पिळूं नये, कारण तिचें पाणीच हवें असतें. लसणाच्या दोन पाकळ्या मिठाबरोबर ठेचाव्या. हें सर्व दह्यांत कालवून माठांतील गार पाणी दह्याइतकेंच घालावें. अधिक पातळ हवें तर थोडें वाढवावें. वर दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा किंवा आक्रोडाचा भरडा, आणि चिमूटभर बारीक चिरलेला शेपू घालावा. शेपू न आवडणारे पुष्कळ. त्यांनीं कोथिंबीर घ्यावी. भांडें तासभर शीतकपाटांत, किंवा जुन्या रीतीनें ओल्या वाळूंत ठेवावें, आणि त्याच दिवशीं संपवावें; सोलापूरच्या उन्हांत दही दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं.

एवढें करतांना चमचाभर दही मात्र निराळें काढून ठेवावें. घरचें विरजण एकदां मोडलें म्हणजे तेंच पुन्हां बाजारांत मिळत नाहीं. तें शेजाऱ्याकडेच मागावें लागतें, आणि मागितलें असतां देणारें घर शेजारीं असावें लागतें.